शेजारणीची आई आणि माझी कंबर

कणकेच्या दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या आमच्या दारात येऊन पडल्या होत्या, एक आमची आणि एक शेजारणीची. आमची पिशवी मी उचलून ओट्याखाली ठेवली तेव्हा काही झालं नाही. तिची उचलायला वाकले आणि कमरेत काहीतरी सटकलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे पडल्यापडल्या मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला.

एकवीस सालचा हिवाळा होता. सिडनी बंद होतं, आणि आम्ही रुग्ण जास्त असलेल्या पश्चिम भागात, टूनगॅबीत राहत असल्यामुळे आमच्यासाठी जरा जास्तच बंद होतं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. देशी दुकानांचं हॅरिस पार्क पाच किलोमीटरांत बसत नव्हतं, म्हणून तिथला एक दुकानदार आठवड्यातून एकदा गाडी पाठवायचा. शेजारीण आणि मी मिळून ऑर्डर द्यायचो. सामान माझ्या दारात उतरायचं, कारण तिच्या घरात लहान मूल झोपलेलं असायचं. तिच्या घरात लहान मूल होतं, आणि आईसुद्धा होती.

शेजारीण माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. वीस सालच्या फेब्रुवारीत तिची आई साताऱ्याहून तिच्या बाळंतपणाला आली. माझी आई त्याच वर्षी एप्रिलमध्ये यायची होती, तिकीट काढून झालं होतं, बॅगेत गोडा मसाला भरून झाला होता. मधे सहा-सात आठवड्यांचा काय तो फरक. मार्चमध्ये देशाची दारं बंद झाली. तिची आई आत राहिली, माझी पुण्यात. परवानगीसाठी मी तीन वेळा अर्ज केला आणि तिन्ही वेळा नकार आला. जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. सरकारच्या त्या यादीत आई बसत नव्हती.

माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळीही आई येऊ शकली नव्हती. बाबांना अर्धांगवायू झाला होता. हॉस्पिटलमधून मी तिसऱ्या दिवशी घरी आले आणि चौथ्या दिवशी उभी राहून कुकर लावला. शेक नाही, शेगडी नाही, पाठीला कुणाचा तेलाचा हात नाही. ही हकिगत मी बरीच वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगायची. शेजारणीचं बाळंतपण कुंपणापलीकडून ऐकलं आणि माझा तोरा उतरला.

कुंपणाचा एक पत्रा आमच्या नवऱ्यांनी पहिल्या लॉकडाऊनमध्येच काढून ठेवला होता, भाजीचे वाडगे इकडेतिकडे करायला बरं म्हणून. त्या फटीतून सगळं यायचं. डिंकाचे लाडू वळतानाचा वास यायचा. बाळाला न्हाऊ घालताना काकू, म्हणजे शेजारणीची आई, बाळाशी गप्पा मारायच्या त्या ऐकू यायच्या. आणि शेजारीणही यायची, तक्रार घेऊन.

"आई ना, फार इंटरफिअर करते गं. सारखं आपलं तेल लावू का, तेल लावू का. आय नीड माय स्पेस, यू नो?"

मी "हो ना" म्हणायची आणि घरात येऊन भांडी आपटायची. दात आहेत त्याला चणे नाहीत आणि चणे आहेत त्याला दात नाहीत, ते काही खोटं नाही. मला तिचा हेवा वाटत होता. तिच्या घराचा नाही, गाडीचा नाही, बाळाचाही नाही. सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरात तिच्याआधी कुणीतरी उठलेलं असायचं, त्याचा.

तर कंबर. मी दारातल्या पायपुसण्यावर चार पायांवर होते. नवरा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. लेक खाली आली, म्हणाली, "मम, व्हाय आर यू ऑन द फ्लोअर?" कळ कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत जात होती. खोकला आला तरी पाय कुणी पिळून काढल्यासारखा व्हायचा.

डॉक्टर फोनवरच भेटली. तिनं तीनच गोष्टी पुन्हापुन्हा विचारल्या. लघवीवर ताबा आहे ना, मांड्यांच्या मधला भाग बधिर नाही ना, पाऊल वर उचलता येतंय ना. यातलं एक जरी बिघडलं तरी लॉकडाऊनबिकडाऊन बघायचं नाही, ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायची. काही बिघडलं नव्हतं. मग ती म्हणाली, स्लिप डिस्क दिसते आहे, आत्ता स्कॅनची गरज नाही, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बसते. मला जरा अपमान वाटला. एवढं दुखतंय आणि फोटोसुद्धा नाही!

फिजिओथेरपिस्ट व्हिडिओवर. तो वॉलॉंगॉंगकडचा, स्वतःच्या गराजमधून बोलायचा, मागे भिंतीवर सायकल टांगलेली. त्यानं हातात प्लास्टिकचा कणा धरून मला समजावलं. दोन मणक्यांच्या मधे एक गादी असते, तिची कड चिवट आणि आतला गर मऊ. मी मनात म्हटलं, पुरणपोळी. एका बाजूला लाटण्याचा जोर जास्त पडला की कड फाटते आणि पुरण बाहेर येतं. माझं पुरण बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या नसेला टेकलं होतं. "डिस्क सरकत-बिरकत नाही, मेट," तो म्हणाला. "आणि जे बाहेर आलंय ते शरीर हळूहळू शोषून घेतं."

पण त्यानं सांगितलेली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. झोपून राहायचं नाही. दिवसातून दोनदा थोडं थोडं चालायचं, आणि पोटावर पडून हातांवर रेटा देत छाती वर उचलायची. "कळ पायातून वर सरकायला लागली की समज, बरं होतंय," तो म्हणाला. "कंबर जास्त दुखली तरी नो वरीज. पाय रिकामा व्हायला हवा." कळ खालून वर येते, जशी गेली तशी परत. हे मला फार आवडलं. नवऱ्यानं व्यायामाचा कागद छापून फ्रिजवर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंपणाच्या फटीतून काकू आल्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात तवा, तोंडावर मास्क. आजारी माणसाची काळजी घ्यायला जाण्याची परवानगी होती. तो नियम मी नंतर तीनदा वाचला, कुणी विचारलं तर असावा म्हणून.

"कणकेची पिशवी आमची होती म्हणे," त्या म्हणाल्या. "मग पाठ पण आमची. वळ पालथी."

वाटीत तिळाचं तेल होतं, ओवा घालून कडवलेलं. मी पालथी झाले. त्यांनी कुर्ता वर सारला आणि तळहात माकडहाडापाशी ठेवून खालून वर नेला. चाळीस वर्षांच्या बाईनं उशीत तोंड खुपसून असं रडू नये. त्यांना वाटलं, दुखतंय. मग तव्यावर फडकं गरम करून शेक दिला, आणि शेवटी जुन्या सुती साडीचा पट्टा करून माझी कंबर गच्च बांधली, बाळंतिणीची बांधतात तशी.

"आता चाळीस दिवस हलायचं नाही," त्या म्हणाल्या.

हे फिजिओच्या अगदी उलट होतं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, तेलानं बरं वाटत असेल तर खुशाल, पण बांधून पडून राहू नकोस. मग मी मधला मार्ग काढला. सकाळी साडी सोडून व्यायाम करायची. दुपारी काकू यायच्या आधी लेकीकडून साडी पुन्हा गुंडाळून घेऊन पालथी पडायची. लेक डोळे फिरवायची. "मम, धिस इज सो वीअर्ड."

त्या रोज यायच्या, अर्धा-पाऊण तास. मास्क नाकाखाली घसरायचा, तो मनगटानं वर ढकलायच्या. मधेच कुंपणाच्या फटीशी शेजारीण दिसायची, कडेवर रडतं बाळ. "आई, अजून किती वेळ?" आणि काकू म्हणायच्या, "थांब जरा, हिचं होऊ दे." हिचं होऊ दे! त्या तीन शब्दांनी माझा जीव असा थंड व्हायचा की गोळ्या काय करतील. हे लिहायला मला लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी उठले तर करंगळीतली झिणझिण गेली होती. दोन दिवसांनी पोटरी मोकळी झाली, मग मांडी. कमरेत तेवढी एक हट्टी ठणक उरली. फिजिओनं स्क्रीनवर दोन्ही अंगठे वर केले. "ब्रिलियंट! आता अर्धा-अर्धा तास चाल."

त्या दुपारी काकूंनी विचारलं, "पायातली कळ कशी आहे?"

"आहे अजून," मी म्हणाले. "पार करंगळीपर्यंत जाते."

खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. बरी झाले असं म्हटलं की वाटी बंद, तवा बंद, आणि ते हात पुन्हा कुंपणापलीकडे, ज्या बाईला ते नको होते तिच्या घरी. मला ते मंजूर नव्हतं. मग मी रोज सकाळी मास्क लावून, टोपी घालून क्रीकच्या, म्हणजे जवळच्या ओढ्याच्या, कडेनं अर्धा तास ताडताड चालायची, आणि दुपारी कण्हत पालथी पडायची.

एकच गोष्ट टोचायची. तेल लावताना काकूंचा फोन माझ्या उशीशेजारी स्पीकरवर असायचा. पलीकडे साताऱ्याहून काका. ते दीड वर्ष एकटे होते. तिकडे लाट होती म्हणून शेजारणीनं आईला जाऊ दिलं नव्हतं, पण आता लाट ओसरत आली होती.

"मेसवाल्यानं आज पुन्हा वांगं दिलं," काका सांगायचे. "बघतेस का मग तिकिटाचं?"

"अहो, इथे एका पोरीची पाठ हातात घेतलीय. अर्धवट टाकून कशी येऊ?"

"छे छे, तसं नको. तिचं बरं होऊ दे आधी. मी काय, खातो वांगं."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग एक दिवस शेजारणीनं मला फटीपाशी बोलावलं. बाळ झोपलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "काल तुला क्रीकवर पाहिलं. मस्त फास्ट चालत होतीस."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण ती पुढे म्हणाली, "मी आईला काही बोलले नाहीये. उलट तू अजून दोन-तीन आठवडे काढ ना प्लीज. तुझं झालं की ती तिकीट काढणार. मला नाही गं जमायचं तिच्याशिवाय."

"तूच तर म्हणायचीस, स्पेस हवी."

"म्हणायचे. पण तुझ्याकडून आली की तिच्या हाताला तेलाचा वास येतो. मला तो आवडत नाही." एवढं बोलून ती पत्र्याच्या कडेवरचा गंज नखानं काढत राहिली.

मला खरं सांगायचं तर क्षणभर आनंद झाला. इतके महिने मी एकटीच जळत होते, आता पलीकडेही धूर निघाला. पण घरात आले आणि ते वांगं आठवलं. दोन घोड्यांसारख्या धडधाकट बाया एका म्हाताऱ्या माणसाची बायको पळवून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या तेव्हा मी साडी बांधली नव्हती. उभीच होते. "काकू," मी म्हणाले, "मी बरी झाले. बरेच दिवस झाले. तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "कळलं होतं मला. दुखरी पाठ हाताखाली लाकडासारखी लागते. तुझी कधीच सैल झालीय."

"मग तुम्ही येत का होतात?"

"माझी लेक मला हात लावू देत नाही गं," त्या म्हणाल्या. "बाळंतपणासाठी एवढ्या लांब आले, तर तिला मसाज नको, शेक नको. तिची पाठ अगदी तुझ्यासारखीच आहे, खाली रुंद. डोळे मिटले की मला वाटायचं, तिचीच आहे."

त्यांना वाटलं, मला बरं वाटेल. मी हसले, चहा टाकला. पण ते हात माझे कधी नव्हतेच. माझ्या पाठीवरसुद्धा ते शेजारणीचेच होते. इतका जळफळाट मला त्या सगळ्या काळात कधी झाला नव्हता. आणि तो कुणावर काढणार, चूक कुणाचीच नव्हती.

मीच शेजारणीला जाऊन सांगितलं की आईला आता सोड. ती रडली, मग तिनंच तिकीट काढलं. जायच्या आदल्या दिवशी कुंपणाच्या फटीतून तेलाचा वास आला. मी खिडकी लावून घेतली.

काकूंबरोबर मी आईसाठी एक शाल आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या पाठवल्या. एकच बजावलं, "आईला पाठीचं सांगू नका. तिला मी काही बोललेले नाही." काकू "नाही हो" म्हणाल्या. आपल्यात "नाही हो"ला काय किंमत असते, ते मला कळायला हवं होतं.

महिन्याभरानं काकू साताऱ्याहून पुण्याला आमच्या घरी गेल्या. इकडेही तोवर लॉकडाऊन उठला होता, एकमेकींकडे जायला परवानगी होती. व्हिडिओ कॉलसाठी शेजारीण बाळाला घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. स्क्रीनवर आमच्या पुण्याच्या कोचावर दोघी आया शेजारीशेजारी बसलेल्या. काकूंचा हात माझ्या आईच्या खांद्यावर होता. त्यांना ना अर्ज करावा लागला, ना कुणाची परवानगी. साताऱ्याहून एसटीत बसल्या आणि पोचल्या. मी हसायचीसुद्धा विसरले.

आई माझ्याकडे रोखून बघत होती. "रोज फोनवर विचारत होते. रोज म्हणत होतीस, मजेत आहे."

"तुला काळजी नको म्हणून गं."

"काळजी गेली खड्ड्यात," आई म्हणाली. "दुसऱ्या बाईकडून तेल लावून घेतलंस. मला दाखवलंससुद्धा नाहीस."

काकूंनी खांद्यावरचा हात काढून मांडीवर घेतला. मला वाटायचं, हेवा ही माझी एकटीची खोड. ती कुठून आली ते मला त्या दिवशी दिसलं.

"उभी राहा," आई म्हणाली. "वळ. पाठ दाखव."

"आई, व्हिडिओवर काय दिसणार आहे? आणि आता बरी आहे मी."

"दाखव म्हणते ना."

मी फोन शेजारणीच्या हातात दिला, वळले आणि कुर्ता वर केला. समोर फ्रिज होता, त्यावर फिजिओचा कागद. पोटावर झोपा. हातांवर रेटा द्या. दहा वेळा. मी तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. शेवटी आई म्हणाली, "बरं. झाक आता, गारठा असेल तिकडे." मी वळले तेव्हा ती पदरानं चष्मा पुसत होती, आणि काकू दुसरीकडे बघत होत्या.

फोन बंद झाल्यावर मी शेजारणीला विचारलं, "मी वळले होते तेव्हा आई काय करत होती?"

तिनं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. सांगावं की नाही, असा चेहरा.

"हात फिरवत होत्या," ती म्हणाली. "फोनवर. खालून वर."

तेही शेजारणीलाच बघायला मिळालं होतं.